इभ्रतीचा सातबारा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ज्याचा हक्क संपतो त्याच्या नावाला कंस होतो आणि त्याखाली नवे नाव लागते. तलाठ्याने फेरफार लिहावा, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा, एवढाच हा व्यवहार. वऱ्हाडातील बहुतेक शेतकरी कुटुंबांत हा कंस बापाच्या मृत्यूनंतर पडतो. म्हणजे मुलगा कागदोपत्री शेतकरी होतो तो घरातले सुतक फिटल्यावर. तोपर्यंत त्याने वीस-पंचवीस वर्षे वखर हाकला असेल, पऱ्हाटीत डवरे धरले असतील, रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी दिले असेल. पण बँकेच्या, सेवा सहकारी सोसायटीच्या आणि तहसील कचेरीच्या दप्तरी तो कोणीही नसतो. चाळिशी गाठलेला, दोन लेकरांचा बाप असलेला माणूस खताची थैली आणायला निघतो, तेव्हा पैशासाठी स्वतःच्या बापापुढे उभा राहतो. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील तरुणांच्या स्थितीचा विचार या उभे राहण्यापासूनच सुरू करावा लागेल.

गावोगावच्या पारावर दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. म्हातारे म्हणतात, आजकालची पोट्टी कोणाचे ऐकत नाहीत, वावरात पाय ठेवत नाहीत, दिवसभर मोटारसायकलवर असतात. पोरे म्हणतात, बुढा काही करू देत नाही, विचारले तर अंगावर येतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच दुखण्याच्या आहेत. ते दुखणे पैशाचे आहेच. परंतु त्याहूनही ते इभ्रतीचे आहे. बापाजवळची इभ्रत झिजत चालली आहे म्हणून तो ती मुठीत आवळून बसला आहे, आणि मुलाला ती घरात मिळत नाही म्हणून तो ती रस्त्यावर शोधतो आहे.

जुन्या वऱ्हाडात कर्त्या पुरुषाची इभ्रत कशावर उभी होती, हे आधी पाहिले पाहिजे. ओट्यावरची जागा, अडतीवर चालणारा शब्द, पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्यांचा क्रम, लेकीच्या लग्नात उठलेल्या पंगती, ही तिची दिसणारी चिन्हे. शंकरपटात धावणारी जोडी हीही अशीच एक खूण. धामणगाव तालुक्यातील तळेगाव दशासरचा पट पाहायला माणसे दूरदुरून येत, आणि बैलांबरोबर त्यांच्या धन्याचेही नाव चार गावांत जाई. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबविल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मधल्या सात वर्षांत शर्यती सुरू व्हाव्यात म्हणून राज्यभर जी ओढ दिसली, तीत खेळाच्या हौसेइतकाच मानाचाही भाग होता, हे ज्याने पट पाहिला आहे त्याला सांगावे लागणार नाही.

परंतु ही सारी वरची चिन्हे. त्यांच्या खाली एक भक्कम पाया होता, तो ज्ञानाचा. सरकी कोणती राखावी, मृगाचा पाऊस खरा की खोटा, कोणत्या वावरात तूर धरते आणि कोणत्यात ज्वारी, बैल विकत घेताना काय पाहावे, हे बापाला कळत होते आणि मुलाला त्याच्याकडूनच शिकावे लागत होते. बापाचा अधिकार कडक असे, प्रसंगी जुलमीही असे; परंतु तो निराधार नव्हता. मुलगा मान खाली घालत होता, ती निदान जाणत्या माणसापुढे.

हा पाया गेल्या पन्नास वर्षांत ढासळला. १९७० नंतर कापसाचे संकरित वाण आले आणि घरची सरकी मागे पडली. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. त्यानंतर बियाणे ही घरातल्या कणगीतली वस्तू राहिली नाही, ती दुकानातल्या पाकिटात गेली. कोणते फवारावे हे कृषी केंद्राचा दुकानदार सांगू लागला. बैलांच्या जागी भाड्याचा ट्रॅक्टर आला. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने भावाची थोडीफार शाश्वती दिली होती. तीही इतिहासजमा झाली. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणूनही गोड पाणी लागत नाही, तेथे कोरडवाहूवाचून गती नाही. या सगळ्यात बापाने आयुष्यभर जमविलेले शहाणपण कवडीमोल झाले. मुलगा भ्रमणध्वनीवर बाजारभाव पाहतो, हवामानाचा अंदाज वाचतो. बापाला विचारण्यासारखे त्याच्याजवळ फारसे उरले नाही. ज्ञानाचा अधिकार गेला आणि बापाच्या हाती उरला तो फक्त सातबारा. जी वस्तू शेवटची उरते ती माणूस सहजासहजी सोडत नाही. म्हाताऱ्यांच्या हट्टाला केवळ लोभ म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

दुसरी उलथापालथ शिक्षणाने केली, आणि ती करावी अशीच आपली इच्छा होती. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, तेव्हा कुणब्या-माळ्याच्या पोराने पाटी घ्यावी, वकील, डॉक्टर, अधिकारी व्हावे, ही आकांक्षा क्रांतिकारक होती. तिने वऱ्हाडाचे भले केले. परंतु तिच्या पोटातून नकळत एक विषमता जन्मली. घरात दोन मुलगे असतील तर हुशार तो शिकला आणि शहरात गेला. राहिलेला शेती करू लागला. शेती ही नापासांची शिक्षा ठरली. या मजकुराच्या वाचकांत शिक्षक आहेत, कचेऱ्यांत काम करणारे आहेत. त्यांतील अनेकांचा एखादा भाऊ गावी वावर पाहतो. दिवाळीला नोकरीवाला भाऊ घरी येतो तेव्हा गादी कोणासाठी टाकली जाते, बाप कोणाशी सल्लामसलत करतो आणि चहा आणायला कोण उठतो, हे प्रत्येकाने मनाशी आठवून पाहावे. वर्षभर बापाचा खोकला ऐकणारा मुलगा त्या दिवशी आपल्याच घरात पाहुण्यासारखा होतो. बापही हे मुद्दाम करीत नाही. ज्याच्या पगारावर गावात आपली मान ताठ राहते त्याच्याकडे त्याची नजर आपोआप वळते.

या शेतकरी मुलाची पुढची परीक्षा लग्नाच्या बाजारात होते. वधूपक्ष पहिला प्रश्न विचारतो तो नोकरीचा, दुसरा शेतीचा; शेती हवी असते, पण ती करणारा नवरा नको असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जुळणाऱ्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. वृत्तपत्रांनी तो विनोदाच्या अंगाने छापला; वऱ्हाडातील अनेक घरांत मात्र त्यावर कोणी हसले नसेल. मुलींचा दोष काढण्याचा अधिकार येथे कोणालाही नाही. आईचे आयुष्य चुलीत आणि कापूस वेचण्यात गेलेले त्यांनी पाहिले आहे. त्यांनी तेच पुन्हा का पत्करावे? शिवाय महाराष्ट्रातील सहा वर्षांखालील बालकांत दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. वंशाच्या दिव्यासाठी ज्यांनी गर्भातच मुली नाकारल्या, त्यांच्याच दिव्यांना आज वधू सापडत नाही. इभ्रतीच्या नावावर केलेल्या पापाची फेड पुढच्या पिढीला करावी लागते, याचे याहून कडू उदाहरण दुसरे कोणते असेल?

घरात नाव नाही, कागदावर नाव नाही, लग्नाच्या यादीत नाव नाही. मग तरुण आपले नाव चौकातल्या फलकावर लावतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक, त्यावर पन्नास जणांची छायाचित्रे, मिरवणुकीतले कर्णकर्कश ध्वनिवर्धक, कोणत्या ना कोणत्या पुढाऱ्यामागे धावणारी मोटारसायकलींची रांग, या सर्वांना आपण उडाणटप्पूपणा म्हणतो. त्यात उडाणटप्पूपणा आहेच. परंतु त्या फलकावरील 'भाऊ' आणि 'दादा' ही संबोधने नीट वाचावीत. त्याला घरात जे कोणी म्हणत नाही, ते तो भिंतीवर छापून घेतो. पुढाऱ्याला हे अचूक कळते. तो त्याला काम देत नाही, पैसाही फारसा देत नाही. नावानिशी हाक मारतो. तेवढ्यावर चार पोरे त्याच्यासाठी डोकी फोडून घ्यायला तयार होतात.

तरुणांच्या बळाला मान देण्याच्या याहून चांगल्या रीती याच भूमीला ठाऊक होत्या. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने तेथे कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. आखाड्यातही वडीलधारी शिस्त होती. वस्तादासमोर मान लवत होती. परंतु तेथे वस्तादाची प्रतिष्ठा पठ्ठ्याच्या जिंकण्यावर अवलंबून होती. शागीर्द मोठा झाला म्हणजे वस्ताद लहान झाला, असे तेथे कोणी मानीत नसे. यावलीला जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि सामुदायिक प्रार्थनेची प्रथा घातली. एकाच सतरंजीवर बाप आणि मुलगा, पाटील आणि सालदार शेजारी बसू लागले. आजही अनेक गावांत ही प्रार्थना होते. तेथली सतरंजी घरच्या बैठकीत का अंथरली जात नाही, हा प्रश्न आहे.

येथवरचे विवेचन कोणाला मानापमानाच्या किरकोळ गोष्टी वाटतील. त्या किरकोळ नाहीत. वऱ्हाडात त्या माणसे मारीत आहेत. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि मुलांसह जीवन संपविले, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. पुढे हादरण्याची सवयही गेली. अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांत २००१ पासून शासनदरबारी नोंदल्या गेलेल्या शेतकरी आत्महत्या वीस हजारांच्या वर गेल्या आहेत. त्यांतील निम्म्याच्या आसपास प्रकरणे मदतीसाठी 'अपात्र' ठरली. नापिकी, मान्यताप्राप्त संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज आणि वसुलीचा तगादा या निकषांत जे मरण बसत नाही, ते सरकारच्या लेखी शेतकऱ्याचे मरण नव्हे.

कर्ज हे या आत्महत्यांचे प्रमुख कारण आहे आणि त्याची जबाबदारी शासनाच्या शेतीधोरणावर आहे. त्यातून शासनाची सुटका होऊ नये. पण मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने २००६ साली महाराष्ट्र शासनाला सादर केलेला अहवाल पुन्हा वाचण्यासारखा आहे. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील आत्महत्या झालेल्या १११ घरांच्या पाहणीत ८७ टक्के घरांत कर्जबाजारीपणा आढळला. त्याच यादीत, ५५ टक्के घरांत कुटुंबातील माणसांशी बेबनाव होता आणि ३६ टक्के घरांत सामाजिक पत घसरल्याची नोंद होती. कारणे एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणून ही बेरीज शंभरावर जाते. कर्जाने माणूस वाकतो. परंतु घरात ज्याच्याशी बोलता येत नाही तो मोडतो, असाच या आकड्यांचा अर्थ लावावा लागेल.

बापाने सोसायटीचे किती घेतले, सोने कोठे गहाण आहे, लेकीच्या लग्नासाठी कोणाकडून हात-उसने आणले, हे कर्त्या मुलाला अनेकदा बाप गेल्यानंतर कळते. ज्यांचे येणे आहे ती माणसे तेराव्याला येऊन बसतात, तेव्हा हिशेब उलगडतो. बापाला मुलापासून कर्ज लपविणे ही इभ्रत वाटते. मुलाने काही विचारणे हा त्याला अधिक्षेप वाटतो. उलट्या बाजूने मुलगाही ऑनलाइन जुगारात गमावलेले, मित्रांकडून उचललेले पैसे बापापासून दडवितो. एकाच छपराखाली दोन पुरुष आपापले कर्ज उशाशी घेऊन झोपतात, आणि मधल्या भिंतीपलीकडे जागी असते ती घरातली बाई. मागे राहिल्यावर वावर कसणे, कर्ज फेडणे आणि लेकरे वाढविणे हे सारे शेवटी तीच करते. ज्या इभ्रतीने तिला कधी हिशेबात घेतले नाही, तिची थकबाकी मात्र तिच्याच नावे निघते.

अशा वेळी या मातीतल्या एका तरुणाची आठवण होते. शेंडगावला १८७६ साली जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर. बाप दारूपायी लवकर गेला. पोर मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले, गुरे राखू लागले, उत्तम शेती करू लागले. सावकारावर विश्वासून मामाने व्यवहार केला, आणि जमीन हातची गेली. चरित्रकार सांगतात की त्या धक्क्याने मामा खचला. परंतु शेताचा ताबा घ्यायला आलेल्या सावकाराच्या आड डेबूजी उभा राहिला आणि वावरातून हलला नाही. याच डेबूजीने पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत घालण्याचे नाकारले आणि गोडाचे जेवण घातले. भाऊबंद नाराज झाले, नाक कापले म्हणाले. १९०५ साली घर सोडल्यावर गाडगेबाबा म्हणून त्यांनी जन्मभर खेड्यापाड्यांत हेच सांगितले की, लग्नासाठी कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, देवाच्या नावाने जीव मारू नका. इभ्रत कशात असते याची व्याख्याच त्यांनी बदलली. पंगतीचा खर्च हा मान नव्हे, कर्जाचा कागद वाचता येणे हा मान, हे वऱ्हाडाला एका अशिक्षित तरुणाने सव्वाशे वर्षांपूर्वी शिकविले. विद्यापीठाला त्यांचे नाव देऊन आपण त्यांचा गौरव केला. त्यांच्या शिकवणुकीचा हिशेब मात्र अजून द्यायचा आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, कर्त्या मुलाचे नाव बापाच्या हयातीत सातबाऱ्यावर लागले पाहिजे. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मतःच असतो, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीचाही तसाच आहे. तेव्हा हे दान नव्हे. वाटणीने तुकडे पडतील अशी ज्यांना भीती वाटते त्यांनी सामाईक नावे लावावीत. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे खर्चाची सबबही फारशी उरत नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या अभियानात १९९० च्या सुमारास अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी आपण होऊन पत्नीच्या नावे जमीन करून दिली होती. त्याने कोणाची इभ्रत गेली नाही. उलट गावाने ती मिरविली. जे पत्नीसाठी करता आले ते मुलासाठी करणे अशक्य नाही. मात्र हे करताना बहिणींकडून हक्कसोड लिहून घेऊन भावांनी आपला मान वाढवून घेऊ नये. बहिणीच्या सहीवर उभी राहिलेली इभ्रत ही उसनवारच असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बापाची भीती खोटी नाही. नाव लागताच जमीन विकून मोटार घेणारी, म्हाताऱ्यांना गोठ्याशेजारच्या खोलीत टाकणारी मुले याच गावांत आहेत. अशांसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडे दाद मागून परत मिळविता येते. तेव्हा बक्षीसपत्र करायचेच तर ती अट त्यात लिहून घ्यावी. त्यात संशय नाही, व्यवहार आहे. मुलानेही ध्यानात ठेवावे की, अधिकार मागणाऱ्याने हिशेब द्यायचा असतो. खरिपाचा खर्च किती, कापूस कोणत्या भावाने गेला, व्यसनावर काय उडाले, हे वर्षातून एकदा आईबापांसमोर, बायकोसमोर मांडण्याची ज्याची तयारी नाही, त्याने नाव लावा म्हणून हट्ट धरू नये. आणि बापानेही त्याच बैठकीत आपले कर्ज पै-पैने सांगावे. हा दिवस पाडवा असो की अक्षय्य तृतीया, घराघरांत ठरावा.

शासनाविषयी एवढेच म्हणावयाचे आहे की, शेतकऱ्यासाठीच्या योजनांना 'सन्मान' हा शब्द जोडण्याची त्याला फार हौस आहे. २०१७ ची कर्जमाफी सन्मान योजना होती. केंद्राचा निधी सन्मान निधी आहे, राज्याचा तर महासन्मान निधी. सन्मान नावाने येत नाही. रास्त भाव, वेळेवर मिळालेले पीककर्ज आणि बापाच्या शेतीत राबणाऱ्या मुलाला शेतकरी म्हणून ओळखणारा कायदा, यांतून तो येईल.

शेवटचा शब्द नोकरीवाल्यांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी. शिक्षकाने वर्गात 'अभ्यास कर, नाहीतर वावरात जाशील' हे वाक्य उच्चारणे बंद करावे. त्या वर्गातील निम्म्या मुलांचे बाप त्या वेळी वावरात असतात. कचेरीतल्या माणसाने वारस नोंदीसाठी किंवा वाटणीसाठी आलेल्या तरुणाला बसायला खुर्ची द्यावी. आणि शहरातल्या भावाने गावच्या भावाला, बापाच्या देखत, शेतीचा सल्ला विचारावा. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. म्हातारा आणि पोरगा या दोघांनाही आज एकाच गोष्टीची गरज आहे, ती म्हणजे आपल्याला कोणी मोजतो आहे याची खात्री. ती एकमेकांना देणे त्यांच्याच हाती आहे, आणि ती जिवंतपणीच द्यायची असते.